औषध मिलीत मोजता, मग स्टेअरिंगचा बोल्ट अंदाजानं का?



आज उसाचं नाही, केळीचं नाही. आज पान्याचं लिहितोय. काहींना राग येईल, येऊ द्या. हंगाम तोंडावर आलाय. थोड्या दिवसांत करमाळा-टेंभुर्णी रस्त्यावर, जेऊरच्या चौकात, गावोगावच्या शाळांसमोरून दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर रात्रंदिवस पळायला लागतील. त्याआधी हे बोलून झालं पाहिजे.

आपल्याकडं आता जवळपास प्रत्येक नव्या ट्रॅक्टरला पॉवर स्टेअरिंग आहे. पिकअपला आहे, घरच्या जीपला आहे, पोरानं घेतलेल्या छोट्या कारलाही आहे. आणि आपण शेतकरी माणसं, बिघडलं की आधी स्वतःच खाली शिरतो. ते बरोबरच आहे. त्याच्या विरोधात मी एक शब्द बोलणार नाही. माझं भांडण आहे ते आवळायच्या पद्धतीशी. "हाताला कळतंय की!" हे जे वाक्य आपण बापजाद्याचं सोनं असल्यासारखं सांभाळतो ना, त्याच्याशी माझं भांडण आहे.

आता बघा. तणनाशक मारताना आपण पंपाला किती मिली ते झाकणानं मोजतो. दोन मिली जास्त पडलं तर पीक पिवळं पडेल म्हणून जीव खाली-वर होतो. ठिबकच्या पाण्याचा पीएच बघतो, ईसी बघतो. कंदरच्या बाजूची केळीवाली मंडळी तर झाडामागं ग्रॅमात खत देतात. कृषी सहायक साहेब येऊन नोझलचा प्रवाह बाटलीत धरून मोजायला शिकवतात. म्हणजे मोजमाप आपल्याला कळत नाही असं नाही. मग ज्या बोल्टावर आपला आणि समोरून येणाऱ्याचा जीव आहे, तो बोल्ट मात्र दात-ओठ खाऊन, जमेल तेवढा, वर आणि पाइप टाकून का आवळायचा?

"जेवढा घट्ट तेवढा चांगला" हे तर धडधडीत खोटं आहे. का खोटं आहे ते सांगतो.

बोल्ट म्हणजे नुसता खिळा नाही. तो एक कडक स्प्रिंग आहे. नट आवळला की बोल्ट अगदी केसाएवढा लांब होतो, आणि परत आखडायला बघतो. त्या आखडण्यानं दोन भाग एकमेकांवर दाबून धरले जातात. धरून ठेवतो तो हा ताण. ताण कमी पडला की जोड हलायला लागतो आणि नट हळूहळू फिरून सुटतो. ताण जास्त झाला की बोल्ट कायमचा ओढला जातो, त्यातला स्प्रिंग मरतो. वरून घट्ट दिसतो, पण आतून तो मेलेला असतो.

"आमच्या आज्यानं कुठं टॉर्क रेंच बघितला होता?" असं एक जण हमखास म्हणतो. त्याला माझं उत्तर असं. आज्याच्या बैलगाडीच्या चाकाला लोखंडी धाव कशी बसवायचे ते आठव. लोहार आधी लाकडी चाकाचा घेर मोजायचा. मग धाव त्या घेरापेक्षा थोडी तोकडी करायचा. गोवऱ्यांच्या जाळात ती लाल करून चाकावर चढवायची आणि वरून पाणी ओतायचं. धाव आखडायची आणि आरे, पाट्या, तुंबा सगळं एकजीव आवळून धरायची. धाव सैल झाली तर उन्हाळ्यात गळून पडायची. फार तोकडी झाली तर आरे मोडायचे. लोहार मोजत होता बाबा! अंदाजानं करत नव्हता. आज्याचं नाव घेऊन अंदाजाचं समर्थन करणारा आज्यालाच बदनाम करतोय.

आता हिशोब मांडू. आकडेमोड सोपी आहे, आपली दहावी झालीय, तेवढ्यात बसते.

आवळायचा जोर म्हणजे पान्याची लांबी गुणिले हाताचा जोर. नटापासून २५ सेंटीमीटरवर तुम्ही २० किलोचा जोर लावला, तर झाला ५ किलो-मीटर. कंपन्यांच्या पुस्तकात हा आकडा न्यूटन-मीटरमध्ये असतो. किलो-मीटरला ९.८ नं गुणलं की न्यूटन-मीटर. म्हणजे साधारण ४९. दहा मिलिमीटरचा, डोक्यावर ८.८ कोरलेला बोल्ट, ज्याला आपण १७ चा पाना लावतो, त्याला कोरड्या आट्यांवर ४५ ते ५० न्यूटन-मीटर हाच साधारण आकडा. इथवर ठीक.

आता त्याच पान्याला पाइप घाला. हात गेला ७५ सेंटीमीटरवर. जोर तोच २० किलो. हाताला काही वेगळं कळलं? नाही कळलं. पण बोल्टावर गेले १४७ न्यूटन-मीटर. तिप्पट! बोल्ट तुटला तर नशीब समजा, कारण तुटलेला दिसतो तरी. नुसता ओढला गेला तर तो उसाच्या खेपेपर्यंत गप्प बसतो. म्हणून म्हणतो, हाताला कळत नाही. हाताला फक्त हाताचा जोर कळतो, बोल्टाचा ताण कळत नाही.

त्यात आणखी एक मेख आहे. आपण जो जोर लावतो, त्यातला साधारण दहातला नऊ हिस्सा नटाच्या खालच्या आणि आट्यांमधल्या घासण्यातच जातो. बोल्ट ताणायला उरतो तो जेमतेम दहावा हिस्सा. म्हणजे आटे गंजलेले असतील तर जोर भरपूर लागतो आणि ताण काहीच येत नाही. उलट आट्यांना तेल, ग्रीस लागलेलं असेल तर त्याच जोरात बोल्ट गरजेपेक्षा जास्त ताणला जातो. पुस्तकात कोरडा आकडा दिला असेल तर आटे पुसून कोरडे करायचे. तेल लावून आवळा असं लिहिलं असेल तर तेल लावायचं. आपल्या मनानं काही घालायचं नाही.

आमच्या वस्तीवर हा खेळ करून बघितला. जुन्या लोखंडी चौकटीत एकाच मापाचे बोल्ट घातले आणि चौघांना सांगितलं, "बरोबर आवळा." चौघंही रोज पान्यात हात असलेले. नंतर टॉर्क रेंचनं तपासलं, तर सगळ्यात सैल आणि सगळ्यात घट्ट यांत दुपटीहून जास्त फरक. चौघांनाही खात्री होती की आपलंच बरोबर. खात्री आणि मोजमाप या दोन वेगळ्या गोष्टी आहेत मंडळी.

आता स्टेअरिंगवर येऊ, कारण बाकीच्या बोल्टाची चूक पैशावर निभावते, इथली निभावत नाही.

कारमध्ये किंवा जीपमध्ये तेलावर चालणारं पॉवर स्टेअरिंग असेल तर पंप, त्याचे पाइप, स्टेअरिंगची रॅक किंवा बॉक्स, आणि पुढं टाय रॉड असा पसारा. आपल्या ठिबकच्या नळीत एक-दीड किलोचं प्रेशर असतं. पॉवर स्टेअरिंगच्या पाइपात चाक पूर्ण वळवल्यावर सत्तर ते शंभर किलोपर्यंत जातं. तिथला पोकळ बोल्ट, म्हणजे बँजो बोल्ट, आतून तेल जायला कोरलेला असतो. त्यामुळं तो मुळातच नाजूक. त्याच्या दोन्ही बाजूंना तांब्याचे वायसर असतात. ते एकदाच दबतात. जुनेच वायसर परत घालायचे, तेल गळायला लागलं की आणखी आवळायचं, तरी गळतं म्हणून पाइप टाकून आवळायचं, आणि मग बोल्ट मानेत मोडायचा. हा खेळ मी किती वेळा बघितलाय, मोजत नाही. चार पैशाचा वायसर वाचवायला पंप गमावायचा, आणि पंपाचा सांगाडा बऱ्याचदा ॲल्युमिनियमचा, त्याचे आटे लोण्यासारखे निघून येतात.

एक सूचना इथंच देऊन ठेवतो. इंजिन चालू असताना गळती कुठं आहे ते बोट फिरवून बघू नका. या प्रेशरची बारीक धार कातडीत घुसते. पुठ्ठ्याचा तुकडा धरून बघा.

नव्या ट्रॅक्टरवर बहुतेक ठिकाणी प्रकार वेगळा आहे. स्टेअरिंगचं चाक आणि पुढची चाकं यांच्यामध्ये दांडाच नसतो, फक्त तेल. पुढच्या ॲक्सलवर सिलिंडर, आणि दोन्ही चाकांना जोडणारा टाय रॉड. म्हणजे सिलिंडरची पिन, तिचे बोल्ट आणि टाय रॉडचे नट, एवढ्यावरच सगळा कारभार. वर चाक कितीही मऊ फिरू द्या, खाली नट निघाला की ते चाक म्हणजे पोरांचं खेळणं. त्यात मागं उसाची ट्रॉली चढाला ओढत असली की पुढचा भाग हलका होतो, खड्ड्यात आपटतो. सगळे हादरे याच नटांवर.

टाय रॉडच्या टोकाला बऱ्याच गाड्यांत खाचांचा नट असतो आणि त्यातून स्प्लिट पिन जाते. आकड्याला आवळल्यावर भोक आणि खाच जुळली नाही, तर नट पुढच्या खाचेपर्यंत थोडा आवळायचा. मागं कधीच सोडायचा नाही. आणि आपण काय करतो? मागं सोडतो, किंवा पिनेऐवजी बाइंडिंगची तार घालतो. तारच ना ती! कोंबड्याच्या खुराड्याला लावतो ती. रस्त्याकडेला थांबलेल्या गाड्यांखाली जरा वाकून बघा, तार नाहीतर वाकवलेला खिळा सापडेल.

आमच्या शिवारात एका ट्रॅक्टरचा टाय रॉड असाच निसटला. ट्रॉली भरलेली. शेताच्या वाटेला लागला होता, वेग कमी होता, म्हणून ट्रॅक्टर बांधाला जाऊन टेकला, ऊस आडवा झाला आणि ड्रायव्हर वाचला. नटाचे आटे ओढलेले होते आणि भोकात तार होती, तुटलेली. काम गावातल्याच एकानं केलेलं, वाईट हेतूनं नाही, नेहमीच्या सवयीनं. त्याच्या दहा मिनिटं आधी तोच ट्रॅक्टर शाळा सुटायच्या वेळी शाळेसमोरून गेला होता. आपण त्या दिवशी "देवानं वाचवलं" म्हणून नारळ फोडला. मी म्हणतो नारळ फोडा, पण दोन रुपयांची पिनही घाला. देवावर सगळा भार टाकू नका, त्याला आणखी कामं आहेत.

कुणी म्हणेल एवढा बाऊ कशाला. मग जगाचं बघा. मार्च २०१८ मध्ये फोर्ड कंपनीनं उत्तर अमेरिकेत सुमारे १४ लाख गाड्या परत बोलावल्या. कारण एकच, स्टेअरिंगच्या चाकाचा बोल्ट सैल होऊ शकतो. त्याच महिन्यात टेस्लानं मॉडेल एस जातीच्या १ लाख २३ हजार गाड्या बोलावल्या, पॉवर स्टेअरिंगचे बोल्ट गंजून तुटू शकतात म्हणून. आपल्या देशात जुलै २०२३ मध्ये मारुती सुझुकीनं एस-प्रेसो आणि ईको मिळून ८७ हजार ५९९ गाड्या बोलावल्या, टाय रॉडच्या एका भागात दोष असण्याच्या शंकेवरून. जिथं यंत्र बोल्ट आवळतं, जिथं आकडा संगणकात नोंदला जातो, तिथं एका बोल्टासाठी लाखभर गाड्या माघारी येतात. आणि आपण लिंबाच्या झाडाखाली, अंधारात, मोबाईलच्या उजेडात, पाइप टाकून आवळून म्हणतो, "काय होत नाय, जाऊ दे."

टेस्लाच्या प्रकरणात आपल्यासाठी आणखी एक धडा आहे. तिथं थंडीत बर्फ वितळवायला रस्त्यावर क्षार टाकतात, त्यानं बोल्ट गंजण्याचा धोका होता. आपल्याकडं बर्फ नाही, पण आपण पिकअपमध्ये आणि ट्रॉलीत पोटॅशच्या गोण्या नेतो. म्युरेट ऑफ पोटॅश म्हणजे क्लोराइडचा क्षारच. गोणी फाटते, दाणे सांडतात, दमट हवेत पाणी धरतात. खत वाहून झालं की गाडी खालून धुवा. कृषीवाल्या साहेबांनी खताच्या बैठकीत हे एक वाक्य सांगितलं तरी फार होईल.

आता दुसऱ्या बाजूला वळतो. काही शहाणी माणसं म्हणतात, "स्टेअरिंगला शेतकऱ्यानं हात लावूच नये, शोरूमला न्यावं." साहेब, सोलापूर आमच्यापासून शंभर किलोमीटरच्या पुढं. तोडणीची टोळी फडात बसलेली, तोडलेला ऊस उन्हात वाळून वजन घटतंय, कारखान्याची पाळी चुकतेय. आदिनाथला जाऊ दे, मकाईला जाऊ दे, नाहीतर शेजारच्या तालुक्यात, नंबर गेला म्हणजे गेला. अशा वेळी शोरूमचा सल्ला म्हणजे तहानलेल्याला विहिरीचा नकाशा. आम्ही दुरुस्ती करणारच. म्हणून आम्हाला ती नीट करता आली पाहिजे, एवढंच.

आणि इथं माझा कंपन्यांवर राग आहे. गाडीसोबत जे पुस्तक येतं त्यात चाकाच्या नटाचा आकडा बऱ्याचदा असतो. टाय रॉडचा, स्टेअरिंग सिलिंडरचा, बँजो बोल्टचा आकडा विचारला की "ते वर्कशॉपच्या पुस्तकात आहे." ते पुस्तक आम्हाला का नाही? एक पान पुरे, मराठीत. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. ज्या चार क्षेत्रांवर भर द्यायचं ठरलं, त्यांत शेतीची अवजारं आहेत आणि मोटारगाड्याही आहेत. २४ डिसेंबर २०२२ ला त्यासाठी पोर्टलही सुरू झालं. कागदावर हक्क आला. पण माझ्या मते बोल्टाचा आकडा मराठीत हातात पडेपर्यंत हा हक्क अर्धाच आहे. ट्रॅक्टर घेताना टोपी आणि घड्याळ मागू नका, आकड्यांचा कागद मागा.

गॅरेजवाल्या भावांनो, तुमचा अपमान करत नाही. तीस वर्षांचा हात मला कळतो. पण इंजिनचं हेड आवळताना तुम्हीच टॉर्क रेंच काढता ना? का काढता? कारण गॅस्केट गेलं तर गिऱ्हाईक परत येतं आणि भांडतं. स्टेअरिंगचा नट गेला तर कधीकधी गिऱ्हाईक परतच येत नाही. मग रेंच कुठं जास्त गरजेचा?

नुसतं भांडून उपयोग नाही, म्हणून करायचं काय ते लिहितो.

१. पहिला आकडा तुमच्या गाडीच्या पुस्तकाचा. तो कुठूनच मिळाला नाही तर ८.८ च्या कोरड्या बोल्टाला साधारण अंदाज असा: १३ च्या पान्याचा आठ मिलिमीटरचा बोल्ट २२ ते २५, १७ च्या पान्याचा दहाचा ४५ ते ५०, १९ च्या पान्याचा बाराचा ८० ते ८५ न्यूटन-मीटर. हे लोखंडात लोखंड असेल तर. ॲल्युमिनियमला, पोकळ बोल्टाला आणि टाय रॉडच्या टोकाला हे आकडे लावू नका, तिथं कंपनीचाच आकडा हवा.

२. टॉर्क रेंच डीएपीच्या दोन-तीन गोण्यांच्या पैशात येतो. एकट्याला जड वाटत असेल तर चौघांत घ्या. "टक" आवाज आला की थांबा, परत परत टकटक करू नका. त्यानं नट सोडायचा नाही, त्याला पाइप लावायचा नाही. काम झालं की काटा सगळ्यात खालच्या आकड्यावर आणून ठेवा.

३. रेंच नसेल तर कांदा-कापूस मोजायचा ताणकाटा घ्या. पान्यावर नटापासून ३० सेंटीमीटरवर अडकवा आणि काटकोनात ओढा. १५ किलो दिसले की झाले साडेचार किलो-मीटर, म्हणजे ४४ न्यूटन-मीटर. रेंचची सर नाही, पण "हाताला कळतंय" यापेक्षा शंभर पटीनं बरं.

४. तांब्याचे वायसर, स्प्लिट पिन, आत नायलॉनचं कडं असलेले नट दर वेळी नवे. बोल्ट बदलताना डोक्यावरचा आकडा बघा. ८.८ च्या जागी बिनआकड्याचा बोल्ट घालू नका.

५. स्प्रिंग वायसर घातला म्हणून निर्धास्त होऊ नका. गेरहार्ड युंकर नावाच्या जर्मन अभियंत्यानं १९६९ मध्येच दाखवून दिलंय की आडव्या हादऱ्यांनी नट सुटतो, आणि त्याला खरा अटकाव बोल्टाच्या पुरेशा ताणाचा.

६. पाइपाचा नट आवळताना दुसऱ्या पान्यानं समोरचा भाग धरा, नाहीतर पाइप पिळतो. टाय रॉडचा लॉक नट आवळतानाही बॉल जॉइंट सरळ धरून ठेवा. नंतर चाकांचं अलाइनमेंट करून घ्या.

७. आवळून झालं की नटावरून खालच्या लोखंडावर पांढऱ्या रंगाची एक रेघ मारा. घरातली नेलपेंटसुद्धा चालते. रोज सकाळी डिझेल बघता तसं वाकून रेघ बघा. रेघ तुटली म्हणजे नट हलला. एवढं पोरालाही कळतं.

आता मागणी. आपल्या केव्हीकेत, कृषी विभागाच्या शिबिरात फवारणी पंपाचं कॅलिब्रेशन शिकवतात. त्याच दिवशी अर्धा तास टॉर्क रेंच शिकवा. आयटीआयच्या पोरांना हंगामाआधी गावात पाठवा, त्यांचाही हात बसेल. सोसायटीनं एक रेंच घेऊन ठेवावा, नाव लिहून न्यावा, नाव लिहून आणावा. कारखान्यांनी वाहनांचे करार करताना कागद तपासतात, तसं पुढच्या ॲक्सलखाली एकदा वाकून बघावं. तार दिसली की गाडी बाजूला. यातलं काहीच महाग नाही, आणि कशालाच मंत्र्याची सही लागत नाही.

पाइप नुसता फेकू नका, लोखंड आहे, उपयोगी पडेल. गंजलेला नट सोडवायला वापरा. आवळायला मात्र हात लावू नका.